पांढरी साडी, मोबाईल आणि महाडचा सल्ला

२५ डिसेंबर जवळ आला की रावेतमध्ये आमच्या घराघरांतून पांढऱ्या साड्या बाहेर निघतात. परमपूज्य बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. तिथे आम्ही सहकुटुंब जातो. अलीकडे या तयारीत एक भर पडली आहे. काय नेसावे हे मुली मोबाईलवर पाहतात. काही जणी स्वतःच तसे व्हिडिओ बनवतात.

यात नाक मुरडण्यासारखे काही आहे असे आम्हाला वाटत नाही. कपड्यांवर बोलणे म्हणजे नुसते नटणे, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी डिसेंबर १९२७ चे महाड आठवावे. मनुस्मृतीचे दहन झाले त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी खास बोलले, ते लुगडे कसे नेसावे आणि कोणते दागिने टाकावेत यावरही! गळ्यातल्या गळसऱ्या आणि कोपरापर्यंतच्या चांदीच्या वा कथलाच्या पाटल्या यांवरून बाईची जात दुरून ओळखू येई. त्या खुणा टाका, लुगडे आखूड न नेसता पायघोळ नेसा, दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला नाहीतर घालू नका, कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा, असा तो सल्ला होता. आमच्या आज्या-पणज्यांनी तिथेच नेसण बदलली. सल्ल्यात कारण होते, खर्चाचा विचार होता आणि लगेच करता येईल असे काम होते.

आताच्या बहुतेक व्हिडिओंत साडी दोनदा गिरकी घेऊन दाखवतात आणि कुठून मागवायची ते सांगून मोकळे होतात. पाहणाऱ्या घरात आई चाकणला कंत्राटावर कामाला असते. गेल्या वर्षीचीच साडी नेसताना तिला ओशाळल्यासारखे होते. जातीची खूण टाकून किमतीची खूण अंगावर घ्यायची काय?

आमच्या मुलींनी व्हिडिओ जरूर करावेत, पण तिसऱ्या वर्षीची साडी नेसून करावेत. किंमत सांगावी, किती धुण्यांनंतर कशी दिसते तेही दाखवावे. सुती ब्लाऊजपीस शिवायला टाकण्याआधी भिजवून वाळवावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात ब्लाऊज आखडतो. नीळ आधी मगभर पाण्यात नीट विरघळवून मग बादलीत घालावी, म्हणजे पांढऱ्यावर डाग पडत नाहीत. हे ज्यांना माहीत आहे त्या आजींनाच कॅमेऱ्यासमोर बसवावे.

आणि एक व्हिडिओ तर तातडीने हवा. दुचाकीवर मागे बसलेल्या मुलीची ओढणी चाकात अडकून जिवावर बेतते, मशीनवरही तोच धोका. पहिल्या पाळीला निघताना ओढणी कशी आवळून बांधावी, टोके कुठे खोचावीत, हे कोणी करून दाखवील का? देहूरोडलाही निम्म्या जणी दुचाकीवरूनच येतात.