जुनी स्पोर्ट्स कार घेताना : टेस्ट ड्राइव्हची पूर्वतयारी

‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ अशी एक म्हण आपल्याकडे प्रचलित आहे. म्हैस डोहात डुंबत असताना, तिचे वय, चाल वा कास यांपैकी काहीही न पाहता काठावर उभे राहून किंमत ठरविणाऱ्या गिऱ्हाइकाला ती उद्देशून आहे. बैलबाजारात गेलेला जाणता शेतकरी ही चूक करीत नाही. तो बैलाचे दात पाहतो, पाठीवरून हात फिरवितो, त्याला चालवून पाहतो आणि मगच व्यवहाराला बसतो. लाखो रुपयांची जुनी मोटार घेताना मात्र आपल्यापैकी पुष्कळजण काठावरूनच मोल करतात. ती मोटार स्पोर्ट्स कार असेल, तर तिचा रंग, बांधा आणि इंजिनाचा आवाज यांनीच मन जिंकलेले असते. परीक्षा घेण्याचे भान उरत नाही.

वास्तविक, अशा गाडीची परीक्षा साध्या गाडीपेक्षा अधिक कसोशीने घ्यावयास हवी. तिचे क्लच, ब्रेक, टायर आणि गिअरबॉक्स महाग असतात, सुटे भाग अनेकदा परदेशातून मागवावे लागतात आणि एकच मोठी दुरुस्ती ग्राहकाचे वर्षभराचे नियोजन कोलमडून टाकू शकते. गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली, तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. म्हणून टेस्ट ड्राइव्ह ही हौसेची फेरी न मानता रीतसर तपासणी मानावी, आणि तिची तयारी किल्ली हाती येण्यापूर्वीच करावी.

इसार आधी की चाचणी आधी?

एक उदाहरण घेऊ. समजा, इंदूर येथील एका ग्राहकास मुंबईतील एक जुनी स्पोर्ट्स कार पसंत पडली आहे. दूरध्वनीवर बोलताना विक्रेता म्हणतो, “बाहेरगावची माणसे येतात, गाडी फिरवून मजा करून जातात. आधी पन्नास हजार इसार पाठवा, मग चाचणी द्या म्हणा.” विक्रेत्याचे म्हणणे अगदीच गैरवाजवी नाही. वेगवान गाडीत एकदा बसून पाहण्याची हौस पुष्कळांना असते आणि अनोळखी माणसाच्या हाती किल्ली देण्यात त्याचाही धोका आहे. तथापि, न पाहिलेल्या गाडीसाठी पैसे पाठविणे ग्राहकाच्या हिताचे नाही. गाडीचे छायाचित्र दाखवून इसार उकळणे, हा फसवणुकीचा सर्रास आढळणारा प्रकार आहे.

यावर मार्ग असा, की पैशांऐवजी आपल्या गांभीर्याचा पुरावा द्यावा. वाहनकर्जासाठी बँकेकडून तत्त्वतः मंजुरीचे पत्र मिळाले असल्यास ते विक्रेत्यास दाखवावे. सोबत आपल्या वाहन परवान्याची प्रत द्यावी. खरा विक्रेता एवढ्यावर समाधानी होतो. पत्र पाहूनही जो केवळ इसाराचाच आग्रह धरतो, त्याच्याकडे प्रवासखर्च करून न जाणेच बरे. ‘पैसे मिळविण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करण्यास कोणी सांगितले, तर तेथेच संभाषण संपवावे. कारण कोड स्कॅन करून पिन टाकल्यास आपल्या खात्यातून पैसे जातात, येत नाहीत.

कागदपत्रे प्रथम

प्रवासास निघण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्र, विमा पॉलिसी, पी.यू.सी. प्रमाणपत्र आणि सर्व्हिसचा इतिहास यांच्या प्रती मागवाव्यात. केंद्र शासनाच्या परिवहन संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकावरून नोंदणी व विम्याची मुदत पडताळता येते. थकीत ई-चलनांचीही चौकशी करता येते. नोंदणीवर एखाद्या बँकेचा बोजा नमूद असल्यास कर्ज फिटल्याचा दाखला व नमुना ३५ यांविषयी आधीच विचारावे. गाडी आयात केलेली असेल, तर कस्टम्सचा बिल ऑफ एन्ट्री पाहावा. आपल्या उदाहरणातील ग्राहकास गाडी महाराष्ट्रातून मध्य प्रदेशात न्यावयाची असल्याने नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र लागेल आणि नव्या राज्यात पथकर भरावा लागेल. हा खर्च किमतीची बोलणी होण्यापूर्वीच हिशेबात धरलेला बरा.

चाचणीच्या अटी ठरवाव्यात

चाचणीदरम्यान अपघात झाल्यास काय, हा प्रश्न विचारणे अनेकांना अवघड वाटते. परंतु तो विचारलाच पाहिजे. आपल्या स्वतःच्या मोटारीची विमा पॉलिसी दुसऱ्याच्या मोटारीस लागू होत नाही. विक्रेत्याच्या गाडीचा सर्वसमावेशक विमा चालू असेल, तर मालकाच्या संमतीने वैध परवानाधारक गाडी चालवीत असताना झालेले नुकसान सामान्यतः त्यात येते. केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा असेल, तर गाडीच्या नुकसानीची भरपाई विमा कंपनी देत नाही. आणि विमाच संपलेला असेल, तर गाडी रस्त्यावर आणणे हाच गुन्हा ठरतो. पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही अशी शिक्षा कायद्यात आहे.

विक्रेत्यानेही तितकेच सावध असावे. वैध परवाना नसलेल्या व्यक्तीस गाडी चालवू देणाऱ्या मालकास सन २०१९ च्या सुधारणेनंतर ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय ज्याचे नाव परिवहन कार्यालयाच्या दप्तरी आहे, तोच मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने मालक होय, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे चाचणीत वा हस्तांतरणापूर्वी कोणास इजा झाल्यास नुकसानभरपाईचा दावा त्याच्यापर्यंत पोहोचतो.

म्हणून दोघांनी एका कागदावर, किंवा निदान मोबाइल संदेशाद्वारे, पुढील गोष्टी नमूद कराव्यात : चाचणीची तारीख व वेळ, मार्ग, अंदाजे अंतर, गाडी कोण चालविणार आणि सोबत कोण बसणार. नुकसान झालेच, तर विमा कंपनी जी सुरुवातीची रक्कम दाव्यातून वजा करते, ती कोणी सोसावयाची हेही लिहावे. दावा केल्यामुळे विक्रेत्याचा ‘नो क्लेम बोनस’ बुडतो. हा बोनस ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो आणि तो गाडीचा नसून मालकाचा असतो. त्याची भरपाई कशी करावयाची, हे अपघातानंतर ठरविताना मैत्रीचे सूर टिकत नाहीत. आधी ठरविताना टिकतात.

विक्रेता व्यापारी असल्यास आणखी एक तरतूद लक्षात ठेवावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यास परिवहन विभागाकडून प्राधिकारपत्र घ्यावे लागते. त्याच्या ताब्यातील गाडी ग्राहकास चाचणी देणे, दुरुस्ती, तपासणी अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते आणि प्रत्येक फेरीची नोंद इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत ठेवावी लागते. व्यापाऱ्याकडे हे प्राधिकारपत्र पाहण्यास मागणे हा ग्राहकाचा चोखंदळपणा नव्हे, साधी दक्षता आहे.

थंड इंजिन, सकाळची वेळ

चाचणीसाठी कोरड्या दिवसाची सकाळ निवडावी आणि आपण येईपर्यंत गाडी सुरू न करण्याची विनंती करावी. गरम इंजिन आपले अनेक दोष झाकून घेते. साध्या मोटारीत बॉनेटवर हात ठेवून ते गरम आहे की नाही हे कळते. परंतु पोर्शे ९११ सारख्या गाडीत इंजिन मागे असते, तर बॉक्सस्टर व केमन या गाड्यांत ते आसनांच्या मागे असून सहज दिसतही नाही. अशा गाडीत सायलेन्सरचे टोक आणि तापमानदर्शक काटा पाहावा.

किल्ली फिरविताच इंजिन, एअरबॅग व ए.बी.एस. यांचे दिवे क्षणभर लागून विझले पाहिजेत. दिवा मुळीच लागला नाही, तर कोणीतरी तो बंद केला असण्याची शक्यता असते. इंजिन सुरू होताना होणारा खडखडाट ऐकावा आणि धूर पाहावा. निळसर धूर तेल जळत असल्याचे सुचवितो, काळा धूर इंधन जास्त जात असल्याचे. तर इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट आत गळत असण्याचा संशय घ्यावा. थंड हवेत सुरुवातीला दिसणारी वाफ मात्र स्वाभाविक असते.

याच वेळी टायरही पाहावेत. टायरच्या बाजूवरील चार अंकांत तो कोणत्या आठवड्यात व वर्षी तयार झाला, हे लिहिलेले असते. ‘२३१९’ म्हणजे सन २०१९ चा तेविसावा आठवडा. स्पोर्ट्स कार पुष्कळदा महिनोन् महिने उभीच असते. किलोमीटर कमी आणि नक्षी शाबूत असली, तरी रबर कडक झालेले असू शकते. म्हणून ‘गाडी फारशी चाललीच नाही’ हे वाक्य ऐकून हुरळून जाऊ नये. मीटरवरील आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी, तसेच आसनाची कड, स्टिअरिंग व पेडल यांच्या झिजेशी जुळतो का, हे पाहावे.

पुराच्या पाण्याचीही शंका घ्यावी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईही बुडाली. अशा वेळी जमिनीलगत बसणाऱ्या गाड्यांत पाणी लवकर शिरते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्यावर चिखलाची रेघ दिसते का, गालिच्याखाली गंज वा कुबट वास आहे का, हे तपासावे.

रस्त्यावर

पहिली काही मिनिटे मालकास गाडी चालवू द्यावी आणि आपण शेजारी बसावे. थंड इंजिनावर तो किती जोर देतो, खड्डे व गतिरोधक कसे ओलांडतो, यावरून त्याने गाडी कशी वापरली असेल, याचा अंदाज येतो. त्यानंतर आपण चालवावी. संगीत बंद असावे. संभाषणही कमीच असावे.

मार्गात गर्दीचा भाग, खडबडीत रस्ता, एखादा चढ आणि मोकळा सरळ रस्ता असावा. पाऊण तास पुरेसा होतो. गर्दीत इंजिनाचे तापमान, वातानुकूलन आणि गिअर बदलताना बसणारे धक्के समजतात. खडबडीत रस्त्यावर सस्पेन्शनचा ठकठक आवाज ऐकू येतो. मोकळ्या रस्त्यावर हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरला वरचा गिअर टाकून अॅक्सिलरेटर दाबावा. इंजिनाचे फेरे एकदम वाढले पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरत आहे असे समजावे. मागे कोणी नाही याची खात्री करून ब्रेक जोराने लावावा. गाडी एका बाजूस ओढली जाऊ नये आणि स्टिअरिंग थरथरू नये.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. वरीलपैकी एकाही परीक्षेला वेगमर्यादा ओलांडावी लागत नाही. गाडीचा कमाल वेग पाहण्याची जागा सार्वजनिक रस्ता नव्हे. त्यासाठी चेन्नईजवळ किंवा ग्रेटर नोएडा येथे असलेले शर्यतीचे मार्ग आहेत. शिवाय वेगाच्या धुंदीत कान बंद होतात, आणि चाचणीत डोळ्यांइतकेच कान महत्त्वाचे असतात.

परतल्यावर

गाडी थांबविल्यावर दहा मिनिटांनी तिच्याखाली तेल वा पाणी ठिबकते का ते पाहावे आणि गरम इंजिन पुन्हा सुरू करून पाहावे. त्याच दिवशी अधिकृत सर्व्हिस केंद्रात किंवा माहितगार मेकॅनिककडे तपासणीची वेळ आधीच घेऊन ठेवावी. गाडी वर उचलून खालचा भाग पाहणे, रंगाची जाडी मोजणे आणि संगणकीय स्कॅनरने दोषांच्या नोंदी वाचणे, ही कामे आपल्याने होणारी नव्हेत. नोंदी नुकत्याच पुसून टाकल्या असतील, तर तेही बहुधा स्कॅनरवर कळते. चासी व इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहावेत.

शक्य असल्यास त्याच मॉडेलच्या आणखी एक-दोन गाड्या चालवून पाहाव्यात. एकच गाडी चालविणाऱ्यास तिचा दोष हा त्या मॉडेलचा स्वभाव वाटतो. आणि निर्णय त्याच जागी न घेता एक रात्र मध्ये जाऊ द्यावी.

पैसे देताना

चाचणीत आढळलेल्या दुरुस्त्यांचा अंदाजी खर्च लेखी घेऊन तो किमतीतून वजा करण्याची मागणी करावी. रक्कम बँकेमार्फतच द्यावी. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारापोटी दोन लाख रुपये वा अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. गाडीवर दुसऱ्या बँकेचे कर्ज शिल्लक असल्यास तेवढी रक्कम थेट त्या कर्जखात्यात जमा होईल असे पाहावे. नमुना २९ व ३० वरील हस्तांतरण मुदतीत पूर्ण करावे आणि विमाही आपल्या नावे करून घ्यावा.

शाखेतील सहकाऱ्यांनाही एक विनंती. जुन्या मोटारीसाठी कर्जाचा अर्ज घेताना उत्पन्न आणि तारण यांबरोबर ग्राहकास एवढेच विचारावे : “गाडी स्वतः चालवून पाहिलीत का? मेकॅनिकला दाखविलीत का?” या दोन प्रश्नांना बँकेच्या कोणत्याही नमुन्यात रकाना नसला, तरी कर्ज सुरळीत फिटण्याशी त्यांचा निकटचा संबंध आहे.

इंदूरच्या आपल्या ग्राहकास मुंबईहून कदाचित रिकाम्या हाताने परतावे लागेल. रेल्वेचे भाडे, मेकॅनिकची फी आणि एक दिवसाची रजा एवढा त्याचा खर्च होईल. सदोष गाडीच्या एका गिअरबॉक्सच्या तुलनेत तो खर्च अगदीच किरकोळ आहे. म्हैस पाण्याबाहेर येईपर्यंत काठावर थांबावे. मोल त्यानंतरही करता येते.