पॅकिंग हाऊसमधला डोळा आंधळा करू नका



कारखान्यात आलेले आपले सभासद पॅकिंग हाऊस पाहतात, तेव्हा पट्ट्यावरून ५० किलोची पोती सरकताना दिसतात. मध्येच पट्टा थांबतो. मग कोणीतरी म्हणतोच, "अहो, तो डोळा सारखा खोडा घालतोय, काढून टाका की!"

हा डोळा म्हणजे फोटोइलेक्ट्रिक स्विच. एका बाजूस दिवा, समोर प्रकाश ओळखणारा भाग. प्रकाश बहुधा नजरेला न दिसणारा. मध्ये हात आला की किरण तुटतो, रिले सुटतो आणि मोटारीची वीज बंद होते. प्रकाशाचा विजेवर होणारा परिणाम हर्ट्झ यांनी १८८७ साली पाहिला. आइन्स्टाइन यांनी १९०५ साली त्याची उपपत्ती मांडली. त्यांच्या १९२१ च्या नोबेल पारितोषिकाचे कारण तेच.

यातली खुबी अशी, की दिवा गेला किंवा तार तुटली, तरी यंत्र थांबतेच. मात्र पोती मोजणारा साधा डोळा वेगळा आणि माणूस वाचवणारा वेगळा. दुसरा स्वतःची तपासणी स्वतः करतो. शिवाय किरण पुन्हा जुळला म्हणून पट्टा आपोआप सुरू होता कामा नये. माणसाने बटण दाबले पाहिजे.

डोळा कोठे बसवायचा, यालाही हिशेब आहे. माणसाचा वेग सेकंदाला १६०० मिलिमीटर धरतात. यंत्र थांबायला अर्धा सेकंद लागत असेल, तर डोळा धोक्याच्या जागेपासून निदान ८० सेंटिमीटर तरी लांब हवा.

मग तो उगाच का थांबवतो? बहुतेक वेळा काचेवर साखरेची धूळ बसते म्हणून. उपाय सोपा: पाळी बदलताना मऊ फडक्याने काच पुसणे. पण घाईत दोन तारा जोडून डोळाच आंधळा केलेला आम्ही पाहिला आहे. त्या दिवशी कोणाचा हात सापडला नाही, एवढेच नशीब.

दोष एकट्या कामगाराचा नाही. पॅकिंग फार वेळ अडले की मागचे काम तुंबते, गव्हाणीसमोर गाड्या खोळंबतात, ऊस वाळतो आणि आपणच ओरडतो. त्या ओरड्याला भिऊन तारा जोडल्या जातात. यंत्राला कुंपण हवे, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सांगितले होते. हा डोळा म्हणजे न दिसणारे कुंपणच.

तेव्हा पट्टा थांबला तर पाच मिनिटे कळ काढू या. पोते उद्याही भरता येईल. पोते उचलणारा हात बहुधा आपल्याच गावच्या पोराचा असतो.