परसातील कोंबडा

घराच्या परसात पाच-सहा कोंबड्या पाळाव्यात असे मनात आले की पहिला प्रश्न उभा राहतो तो कोंबड्याचा. तो ठेवावा की नाही? या प्रश्नाच्या मुळाशी पुष्कळदा एक गैरसमज असतो. कोंबड्यावाचून कोंबडी अंडी घालणार नाही, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. तलंग साधारणपणे पाच ते सहा महिन्यांची झाली, तिला पुरेसा आहार आणि पुरेसा उजेड मिळाला, की ती अंडी घालू लागते. जवळपास कोंबडा असो वा नसो, अंड्यांच्या संख्येत त्यामुळे फरक पडत नाही. फरक पडतो तो एवढाच, की कोंबड्यावाचून घातलेल्या अंड्यातून पिलू निघत नाही. म्हणजे कोंबडा अंड्यांसाठी नसतो, तो पुढच्या पिढीसाठी असतो. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढचा सारा विचार सोपा होतो.

खेड्यात हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. एका घरचा कोंबडा साऱ्या आळीत हिंडतो आणि त्याच्या आरवण्याची कुणी तक्रार करत नाही. घराला घर लागून असलेल्या वस्तीत मात्र हिशेब बदलतो. छत्तीसगडमधील भिलाईचे उदाहरण घेऊ. तेथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. कारखान्याच्या उभारणीसाठी देशाच्या निरनिराळ्या भागांतून माणसे आली. महाराष्ट्रातून आलेली कुटुंबेही त्यांत होती. भिलाईतील कॅम्प-१ या वस्तीच्या नावातच छावणीची आठवण शिल्लक आहे. अशा वस्तीत परस म्हणजे बहुधा भिंतीलगतची चार हात जागा. तेथे डालगे किंवा लहानसे खुराडे मावते. पण पहाटे चार वाजता आरवणारा कोंबडा एका घराचा राहत नाही. रात्रपाळी करून आलेल्या शेजाऱ्याचाही तो होतो.

कोंबड्याचे काम

पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. छत्तीसगडच्या सालवनांत तो आजही आढळतो. एक नर आणि त्याच्या भोवती काही माद्या, अशी त्याच्या कळपाची घडण असते. परसातल्या कोंबड्याचे वागणे या घडणीतूनच आलेले आहे. दाणा सापडला की तो विशिष्ट आवाज काढून, चोचीने दाणा उचलत-टाकत कोंबड्यांना बोलावतो. आकाशात घार दिसली तर त्याचा इशारा वेगळा असतो आणि जमिनीवरून मांजर आले तर वेगळा. कोंबड्या हा भेद ओळखतात व त्याप्रमाणे दडून बसतात किंवा माना उंचावून सावध होतात. कोंबड्यांची आपापसांतील टोचाटोचीही त्याच्या उपस्थितीत पुष्कळदा कमी होते. मात्र त्याला राखणदार समजून रात्री खुराड्याचे दार उघडे ठेवणे योग्य नव्हे. मुंगसापुढे कोंबड्याचेही काही चालत नाही.

आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरेसा होतो. तीन-चार कोंबड्यांत कोंबडा ठेवला तर वारंवारच्या संयोगाने त्यांच्या पाठीची पिसे झडतात आणि नखांनी कातडी सोलली जाते. लहान कळपात दोन कोंबडे ठेवले तर त्यांच्या झुंजीत कळपाची शांतता जाते. कोंबडा निवडताना त्याचा तुरा लालबुंद, डोळे तेजस्वी व पाय सरळ आहेत ना, हे पाहावे. पण स्वभावही पाहावा. माणसावर धावून येणारा कोंबडा घरात लहान मुले असताना ठेवू नये. त्याच्या पायामागील टोकदार आर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊ शकतात. अंड्यांवरच्या कोंबड्यांसाठी तयार केलेल्या खाद्यात कवचासाठी चुन्याचा अंश मुद्दाम वाढवलेला असतो. तेच खाद्य सतत खाल्ल्याने कोंबड्याच्या मूत्रपिंडांवर ताण पडतो. यास्तव सर्वांना साधे खाद्य द्यावे व शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्यांना त्याची गरज असते, त्या कोंबड्या तो स्वतःच टिपतात.

आरवणे

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. कोंबडे झाकले म्हणून आरवायचेही राहत नाही, असे आता शास्त्राच्या आधारे म्हणता येते. जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कोंबड्यांना सतत मंद प्रकाशात ठेवले होते. बाहेरच्या पहाटेची कोणतीही खूण नसताना ते ठराविक वेळी आरवत राहिले. त्यांच्या शरीरातच एक घड्याळ असते. उजेड आणि इतर कोंबड्यांचा आवाज यांनी आरवणे वाढते, एवढेच. म्हणून डालग्यावर पोते टाकल्याने आवाज थोडा दबेल, पण पहाटेचे आरवणे थांबेल अशी आशा करू नये.

शेजाऱ्यांचा हा तंटा केवळ आपल्याकडचाच आहे असे नाही. फ्रान्समध्ये मोरिस नावाच्या एका कोंबड्याच्या आरवण्यावरून खटला झाला. २०१९ मध्ये न्यायालयाने निकाल कोंबड्याच्या बाजूने दिला आणि २०२१ मध्ये ग्रामीण भागातील आवाज व गंध यांना संरक्षण देणारा कायदा तेथे संमत झाला. परंतु ते संरक्षण खेड्यांना आहे. दाट वस्तीत शेजारधर्म हाच खरा कायदा होय.

फलित अंड्याचा प्रश्न

कोंबडा असला की अंडी फलित होतात. खाण्याच्या दृष्टीने फलित व अफलित अंड्यांच्या पोषणमूल्यात फरक नसतो. टिकाऊपणात मात्र असतो. सुमारे २१ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेले की फलित अंड्यातील गर्भाची मंद वाढ सुरू होऊ शकते. भिलाईच्या परिसरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत दोन-तीन दिवस खुराड्यातच राहिलेले फलित अंडे फोडल्यावर त्यात रक्ताच्या रेषा दिसू शकतात. अफलित अंड्याच्या बाबतीत ही भीती नसते. गांधीजींनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्याविषयी जे पुस्तक लिहिले, त्यातही त्यांनी हा भेद मानला होता. ज्याला दूध चालते त्याला अफलित अंडे वर्ज्य असण्याचे कारण नाही, असे त्यांचे मत होते.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. उबवलेल्या अंड्यांतून निघणाऱ्या पिलांपैकी साधारण निम्मी नर असतात. दहा पिले जगली तर चार-पाच महिन्यांत पाच कोंबडे आरवू लागतील. त्यांचे काय करायचे? ते विकायचे, कापायचे की कुणाला द्यायचे, हे अंडी उबवायला ठेवण्यापूर्वीच ठरवले पाहिजे. व्यापारी उबवणी केंद्रांत अंड्यांसाठीच्या जातींची नर पिले सामान्यतः पहिल्याच दिवशी नष्ट केली जातात, म्हणून बाजारातून तलंगा आणणाऱ्याला हा प्रश्न दिसत नाही. परसात मात्र तो डोळ्यांसमोर वाढतो.

उसना कोंबडा

निसर्गाने या अडचणीतून एक वाट ठेवली आहे. कोंबडीच्या अंडनलिकेत शुक्राणू साठवणाऱ्या सूक्ष्म नलिका असतात. कोंबड्याशी संबंध आल्यानंतर दोन-तीन दिवसांत फलित अंडी मिळू लागतात आणि कोंबडा दूर केल्यावरही साधारण दहा दिवस ते दोन आठवडे मिळत राहतात. म्हणून कोंबडा वर्षभर घरी असलाच पाहिजे असे नाही. चार-पाच घरांनी मिळून एक कोंबडा जेथे जागा मोकळी आहे अशा ठिकाणी ठेवावा आणि पिले हवी असतील तेव्हा काही दिवसांसाठी आणावा. त्यानंतरची अंडी तारीख घालून घरातील थंड जागी ठेवावीत आणि आठवडाभरात जमलेली दहा-बारा अंडी खुडूक कोंबडीखाली द्यावीत. २१ दिवसांनी पिले निघतात. कडक उन्हाळा टाळून हिवाळ्यात हे केल्यास यश अधिक मिळते. एकाच कोंबड्याची पैदास पिढ्यानपिढ्या होऊ नये म्हणून एक-दोन वर्षांनी तो बदलावा.

यात एक धोका आहे व तो लहान नाही. मानमोडी म्हणजेच राणीखेत हा रोग एका कोंबड्याबरोबर घरोघर जाऊ शकतो आणि दोन-चार दिवसांत सगळे खुराडे रिकामे करू शकतो. म्हणून कोंबडा नव्याने आणताना त्याला तीन-चार आठवडे वेगळे ठेवावे. सर्व घरांच्या कोंबड्यांचे लसीकरण झालेले असावे. आणि कुठेही मरतूक दिसताच ही देवघेव थांबवावी.

सारांश, ज्याला केवळ अंडी हवी आहेत त्याने कोंबडा ठेवू नये. त्यात त्याचे काही उणे होत नाही. ज्याला खुराड्यातली परंपरा स्वतःच्या हाताने चालवायची आहे त्याला कोंबडा लागेल. त्याने कोंबडा आणण्यापूर्वी शेजाऱ्याशी बोलावे आणि पुढे जन्मणाऱ्या नर पिलांचा विचार करावा.