बोक्याचे बारसे

मांजराचे पिल्लू घरात आले की पहिले काही दिवस आपण त्याला ‘ते’ म्हणतो. मराठीत ‘पिल्लू’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे आणि ‘मांजर’ हा शब्दही बहुधा नपुंसकलिंगीच योजला जातो. त्यामुळे ‘ते आले’, ‘ते दूध प्याले’ अशी वाक्ये सहज तोंडी येतात. त्या पिल्लाला नाव मिळाले, की घरातल्या माणसांची क्रियापदे बदलतात. ‘मन्या आला’, ‘सोन्या रुसला’ असे आपण बोलू लागतो. पोत्यात घालून दूरच्या मंडईत सोडून देण्याचा विचार ‘त्या’ पिल्लाविषयी पटकन मनात येतो. मन्याविषयी तो तितक्या सहज येत नाही. नर पिल्लांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. वयात आलेला बोका आपली हद्द दाखवण्यासाठी जागोजागी उग्र वासाचे मूत्र फवारतो, रात्री-अपरात्री भांडणे उकरून काढतो, म्हणून त्याला ठेवून घेण्यास पुष्कळ घरे नाखूश असतात. पाच-सहा महिन्यांच्या वयात पशुवैद्याकडून नसबंदी करून घेतल्यास हा उपद्रव बराच कमी होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

नाव ठेवण्यापूर्वी पिल्लू नर आहे याची खात्री करावी. फार लहान वयात ही पारख अवघड असते. शेपटी उचलून पाहिल्यास गुदद्वार आणि त्याखालील छिद्र यांतील अंतर नरामध्ये अधिक दिसते. मादीमध्ये ती दोन्ही जवळजवळ असतात. रंगावरूनही थोडा बोध होतो. अंगावर काळा, नारिंगी आणि पांढरा असे तिन्ही रंग असलेले पिल्लू जवळजवळ नेहमीच मादी असते. नारिंगी रंग येणार की काळा, हे ठरवणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मादीत अशी दोन गुणसूत्रे असतात, नरात एकच. म्हणून हे दोन्ही रंग नराच्या अंगावर सहसा एकत्र येत नाहीत. डोळ्यांच्या रंगावरून मात्र नाव ठेवू नये. सर्व पिल्लांचे डोळे आरंभी निळसर असतात आणि काही आठवड्यांत त्यांचा रंग बदलतो.

रूपावरून नाव ठेवण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. महाभारताच्या शांतिपर्वात जाळ्यात सापडलेल्या बोक्याची आणि त्याला सोडवणाऱ्या उंदराची कथा आहे. त्यातील बोक्याचे नाव लोमश, म्हणजे केसाळ. उंदराचे नाव पलित, म्हणजे पिकल्या केसांचा. हितोपदेशात म्हाताऱ्या गिधाडाला गोड बोलून फसवणारा बोका दीर्घकर्ण, म्हणजे लांब कानांचा. ‘मांजर’ हा शब्द ज्या ‘मार्जार’पासून आला, त्याच्या मुळाशीही ‘मृज्’, म्हणजे स्वच्छ करणे, हा धातू आहे. सतत अंग चाटून पुसणाऱ्या प्राण्याला पूर्वजांनी त्याच्या सवयीवरूनच नाव दिले.

मराठी घरांतील काळू, भुऱ्या, पांड्या ही नावे याच वळणाची आहेत. ‘मनी’चे पुल्लिंगी रूप ‘मन्या’. ‘या’ प्रत्ययात लाड असतो आणि थोडी थट्टाही. म्हणून मोठ्या माणसाला तो लावल्यास अपमान होतो, बोक्याला लावल्यास होत नाही. दुसऱ्या टोकाला ‘बोकोबा’. ‘वाघोबा’, ‘कोल्होबा’ यांच्या पंक्तीला बसणारा हा ‘बा’ आदरार्थी आहे, पण त्यातील आदर मिश्कील असतो. दिलीप प्रभावळकरांनी तर आपल्या खोडकर बालनायकालाच ‘बोक्या सातबंडे’ हे नाव दिले. भाषेने मांजरीला वाघाची मावशी केले. बोक्याला मात्र असे एखादे नाते बहाल करायचे राहूनच गेले!

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना आणखी एक गंमत अनुभवास येते. हैदराबादेत मराठी माणसाने ‘पिल्लू’ म्हटले, की तेलुगू शेजाऱ्याला ‘पिल्लि’ ऐकू येते, आणि तेलुगूत त्याचा अर्थच मांजर.

नाव ऐकायला कसे आहे, हेही पाहावे. दोन अक्षरांचे आणि दीर्घ स्वराने संपणारे नाव हाक मारायला सोयीचे. ‘राजाऽऽ’ अशी हाक अंगणाच्या पलीकडे जाते. ‘विक्रम’मधला शेवटचा ‘म’ ओठांतच मिटतो. घरातल्या कोणाच्या नावाशी किंवा रोजच्या रागवण्याच्या शब्दाशी ते नाव मिळतेजुळते नसावे.

मांजराला स्वतःचे नाव कळते का? जपानमधील संशोधक आत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. मांजरांना आधी चार वेगळे शब्द ऐकवले गेले. ते ऐकून त्यांचा प्रतिसाद मंदावल्यावर त्यांचे नाव उच्चारले, तेव्हा अनेक मांजरांनी कान वळवले किंवा मान हलवली. आवाज अनोळखी माणसाचा असतानाही हे घडले. मात्र ज्या उपाहारगृहात पुष्कळ मांजरे एकत्र राहत होती, तेथील मांजरांना स्वतःचे नाव आणि सोबत्याचे नाव यांतील फरक ओळखता आला नाही. एकाच घरात मन्या, सोन्या आणि गुण्या नांदत असतील, तर हे लक्षात ठेवावे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शेजाऱ्याचे आडनाव, एखाद्या प्रांताचे, जातीचे किंवा धर्माचे चिडवण्याचे नाव बोक्याला देऊन वर हसणे हा विनोद नव्हे. बोक्याला त्याचे काही वाटत नाही. ती हाक रोज ऐकणाऱ्या माणसाला वाटते. ‘काळ्या’ हे नावही, चाळीत सावळ्या मुलाला कोणी त्याच शब्दाने चिडवत असेल, तर टाळलेले बरे.

नाव ठरले की ते घरातल्या सर्वांनी एकाच रूपात उच्चारावे; आजी ‘मनोबा’ म्हणते आणि नातू ‘मन्नू’, असे आरंभी तरी नको. खाण्याची वाटी खाली ठेवताना ते नाव घ्यावे, पाठीवरून हात फिरवताना घ्यावे. रागावताना किंवा औषध पाजायला पकडताना घेऊ नये. पशुवैद्याकडे रेबीजची लस टोचून घेताना लसीकरणपत्रावर हेच नाव लिहून घ्यावे.