उन्हाळ्याची सुटी आणि शेतकऱ्याचें घर

चैत्र सरून वैशाख लागला कीं शाळांचीं दारें बंद होतात आणि घरांतील मुलें मोकळीं होतात. शेतकऱ्यासही हा काळ थोडाफार विसाव्याचा असतो. भाताच्या मुलखांत राब भाजून झालेले असतात किंवा भाजावयाचे असतात, आणि मृगास अद्याप महिना-दीड महिना अवकाश असतो. बापानें मुलांजवळ निवांतपणें बसावें असा वर्षांतील एवढाच काय तो अवधि. परंतु नेमक्या ह्याच दिवसांत घराघरांतून तक्रार ऐकूं येते कीं, मुलांस करमत नाहीं. हातीं मोबाईल देऊन त्यांस गप्प बसवावें, नाहीं तर उसनवार करून दूरच्या थंड हवेच्या ठिकाणीं न्यावें, असे दोनच मार्ग पालकांस दिसूं लागले आहेत. हे दोन्ही आम्हांस पसंत नाहींत. तिसरा मार्ग घरालगतच आहे, तो दाखवावा एवढाच ह्या लेखाचा हेतु. उदाहरणादाखल आम्हीं इगतपुरी तालुका घेतला आहे. इतर ठिकाणच्या वाचकांनीं आपापल्या गांवास जुळेल तें घ्यावें.

इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंच आहे. मुंबईकर मंडळी तिच्या हवेसाठीं पैसे मोजून येतात. २०२५ च्या जूनमध्यें समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा अखेरचा टप्पा खुला झाल्यापासून त्यांची वाट आणखीच सुकर झाली आहे. लोक ज्या गांवीं सुटी घालवावयास येतात, त्याच गांवच्या मुलास आपली सुटी दुसरीकडे आहे असें वाटावें, हें नवल नव्हे काय? शिवाय मे महिना हा शेतकऱ्याच्या हातीं पैसा राखून ठेवण्याचा महिना आहे. बियाणें, खत, औत-ट्रॅक्टरचें भाडें आणि मुलांचीं वह्या-पुस्तकें हा सर्व खर्च पुढील पांच-सहा आठवड्यांत उभा राहावयाचा असतो. सहलीच्या हौसेपायीं बियाण्याचा पैसा मोडणें हें शहाणपणाचें नाहीं.

अंगणांतील खेळ

विटीदांडू, लगोऱ्या, आट्यापाट्या, हुतुतू, खो-खो आणि सूरपारंब्या ह्या खेळांस मैदान व सोबती ह्यांखेरीज फारसें कांहीं लागत नाहीं. हुतुतूचाच कबड्डी हा अवतार आज देशोदेशीं पोंचला आहे. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें बर्लिन येथें आपले देशी खेळ करून दाखविले, हें मुलांस आवर्जून सांगावें; म्हणजे आपले खेळ कमी प्रतीचे, ही समजूत जाईल. खेळ सकाळीं दहाच्या आंत आणि सायंकाळीं पांचनंतर व्हावेत. मधल्या उन्हांत माजघरांत सोंगट्या व सागरगोटे असावेत, आणि कैरीचें पन्हें तयार असावें.

सांच्यांतील आईस्क्रीम हा जुन्या घरांतील मोठा सोहळा होता; तो पुन्हा सुरू करावा. तीन भाग फोडलेल्या बर्फास सुमारें एक भाग जाडें मीठ घातलें, कीं मिठामुळें बर्फ वितळूं लागतो, वितळतांना भोंवतालची उष्णता ओढून घेतो, आणि त्या मिश्रणाचें तपमान शून्य अंशाच्या पुष्कळ खालीं जातें. म्हणून आंतील दूध घट्ट होतें. कारखान्याचा लादीचा बर्फ खाण्याच्या योग्यतेचा नसतो. तो डब्याबाहेरच राहील ही खबरदारी घ्यावी.

ह्याच मिठाचा दुसरा खेळ शेतकऱ्याच्या कामाचा आहे. पेरणी जवळ आली म्हणजे १० लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत भाताचें बियाणें सोडावें. पोंचट दाणे तरंगतात, भरलेले तळाशीं बसतात. तरंगणारे काढून टाकावेत. बुडालेले दोन-तीनदां स्वच्छ पाण्यानें धुऊन सावलींत सुकवावेत. त्याआधीं शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळावेत व आठ दिवसांनीं मोड आलेले मोजावयास मुलांस सांगावें. ऐंशींहून कमी उगवले तर बियाणें बदलावें, किंवा दुसरें न मिळाल्यास अधिक पेरावें. मुलांस ही मौज वाटते, आणि बापाचें नुकसान टळतें.

पोहणें

उन्हाळ्यांतील सर्वांत मोठा आनंद पाण्याचा, व सर्वांत मोठें संकटही पाण्याचेंच. सुटींत विहिरीवर अगर धरणावर गेलेलीं मुलें परत आलीं नाहींत, अशी बातमी आली नाहीं असा एकही उन्हाळा जात नाहीं. मुलास पाण्यापासून दूर ठेवणें हा त्यावर उपाय नाहीं. तें चोरून जाईलच. त्यास पोहावयास शिकविणें, तेंही मुलगा-मुलगी असा भेद न करितां, हाच उपाय होय.

पायऱ्यांची, कठडा शाबूत असलेली, ओळखीची विहीर निवडावी. पाठीस वाळलेला भोपळा किंवा बूच घट्ट लावलेला रिकामा डबा बांधावा, कमरेस दोर असावा, व तो दोर पोहणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातीं असावा. धरणाच्या जलाशयांत मात्र शिकवूं नये. तेथें कांठाचा गाळ पाय धरतो व एका पावलावर खोली एकदम वाढते. कोणी बुडूं लागल्यास न पोहणाऱ्यानें उडी घेऊं नये. दोर, फेटा, लुगडें, बांबू, जें हातीं येईल तें फेकावें. बाहेर काढलेल्या माणसास उलटें टांगण्याची किंवा पोट दाबण्याची जुनी रीत घातक आहे. श्वास बंद असेल तर त्यास उताणें निजवून तोंडानें श्वास द्यावा, छातीच्या मध्यभागीं जोरानें व भराभर दाबावें, आणि १०८ ह्या क्रमांकावर गाडी बोलवावी. एवढें प्रत्येक घरांत दोघांना तरी आलें पाहिजे.

गांवाभोंवतीं

इगतपुरीचें स्टेशन हीच एक पाहण्यासारखी जागा आहे. थळघाटांतून लोहमार्ग येथवर १८६५ च्या जानेवारींत खुला झाला. कसारा ते इगतपुरी ह्या सुमारें १५ किलोमीटरांत गाडीस जवळजवळ ३०० मीटर चढावें लागतें. चढ ठिकठिकाणीं ३७ फुटांस एक फूट इतका आहे. म्हणून कसाऱ्यास गाडीच्या मागें जादा इंजिनें जोडतात व तीं वर ढकलीत आणतात. मुलांस फलाटावर उभें करून तीं मोजावयास लावावें, आणि भरलेल्या बैलगाडीस चढावर दुसरी जोडी लावीत असत त्याची आठवण आजोबांनीं सांगावी.

त्रिंगलवाडीचा किल्ला व त्याच्या पायथ्याचें जैन लेणें, कावनईचें कपिलधारा तीर्थ, घाटनदेवीचें देऊळ, हीं स्थळें भाकरी बांधून एका दिवसांत पाहून येण्याजोगीं आहेत. वाटेवर करवंदें व जांभळें मिळतात. घोटीहून भंडारदऱ्याकडे जातांना बारी गांवाजवळ कळसूबाईचें शिखर दिसतें. १६४६ मीटर उंचीचें तें महाराष्ट्रांतील सर्वांत उंच ठिकाण. मेअखेरीस त्याच बाजूच्या झाडांवर काजवे लखलखतात. त्यांच्या अळ्या गोगलगायी खातात, हें शेतकऱ्यानें लक्षांत ठेवावें. गाड्यांच्या दिव्यांनीं त्यांचे जोडीदार एकमेकांस सांपडेनासे होतात; म्हणून मुलांस तीन-चार गाड्या करून तेथें नेण्यापेक्षां आपल्याच शिवारांतील एखाद्या हिरड्या-बेहड्याखालीं अंधारांत, दिवा मालवून बसवावें. न धरितां पाहणें हेंही शिक्षणच आहे.

एक दिवस पाण्याची वाट दाखविण्यासाठीं राखून ठेवावा. १९१६ सालीं पुरें झालेलें दारणा धरण ह्याच तालुक्यांत आहे. त्याचें पाणी खालीं नांदूर मध्यमेश्वराच्या बंधाऱ्यावरून गोदावरीच्या कालव्यांस मिळतें. ऊर्ध्व वैतरणेचें पाणी मुंबईची तहान भागवितें. येथें वर्षास तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, येवल्याकडे त्याचा सुमारें पांचवा-सहावा हिस्सा. आणि तरीही मे महिन्यांत इकडील कित्येक वाड्या-पाड्यांच्या आयाबहिणी हंडे घेऊन डोंगर उतरतात. एवढा पाऊस पडतो, तर पाणी जातें कोठें, हा प्रश्न मुलानें विचारला म्हणजे त्या दिवसाचें सार्थक झालें. त्याचें उत्तर त्यास आपल्याच बांधावर, आपल्याच नाल्यांत शोधावयाचें आहे. सरळ उभ्या कडांचा एक डबा व एक पट्टी घेऊन त्यानें पर्जन्यमापक करावा, आणि पहिल्या सरीपासून रोजचा आंकडा वहींत मांडावा.

आकाश

ह्या दिवसांत खळ्यांत किंवा गच्चीवर निजण्यासारखें सुख नाहीं. मेच्या आरंभीं सूर्य बुडाल्यावर पश्चिमेस मृग नक्षत्र मावळतांना दिसतें. थोड्याच दिवसांत तें सूर्याच्या तेजांत लपतें. जूनच्या ७-८ तारखेस सूर्य मृगांत आला असें आपण म्हणतों तें हेंच. ज्या नक्षत्राच्या नांवानें आपण पेरतों, तें पेरणीच्या वेळीं दिसतच नाहीं, ह्याचें मोठ्या माणसांसही आश्चर्य वाटतें. तसेंच मेच्या १८ तारखेच्या सुमारास दुपारीं साडेबाराच्या बेतास इगतपुरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहींशी होते. असा योग वर्षांत दोनदां येतो, पण जुलैतला ढगांत जातो. ही काठी मेमध्यें अंगणांत अवश्य रोवावी.

घरधनिणीची सुटी

एक गोष्ट बोलावयाची राहिली. मुलांस सुटी असते, पुरुषास थोडा विसावा असतो. परंतु घरांतील बाईस पापड, कुरडया, शेवया, सांडगे ह्यांचा हाच हंगाम असतो, त्यांत पाहुण्यांची भर. आखाजीस माहेरीं आलेली लेक झोक्यावर बसते ती त्याचकरितां, कीं वर्षांतून चार दिवस तरी तिला कोणी काम सांगूं नये. हाच न्याय घरच्या बाईसही लावावा. लाट्या करणें, वाळवणाची राखण, पाणी भरणें हीं कामें मुलग्यांनींही करावीं, आणि सहलीच्या दिवशींची भाकरी तिच्या एकटीच्या हातची नसावी. जी सुटी आईच्या कष्टांवर उभी असते, ती घराची सुटी नव्हे.

ह्यांतील कोणत्याही गोष्टीस मोठा खर्च नाहीं. लागतो तो वेळ, आणि तो मोठ्या माणसांनीं द्यावयाचा आहे. आपलीं मुलें शेती करतील कीं नाहीं, ह्याची चिंता आज प्रत्येक जमीनदार शेतकऱ्यास आहे. पण ज्या मुलास आपल्या विहिरीची खोली ठाऊक नाहीं, ओढ्याचें पाणी कोठें जातें हें ठाऊक नाहीं, त्यानें ती जमीन कां राखावी? सातबाऱ्यावर त्याचें नांव चढविणें हें सरकारी दप्तराचें काम आहे; जमीन त्याच्या मनांत उतरविणें हें आईबापांचें. त्यासाठीं ह्या मे महिन्याचे तीस-एकतीस दिवस हातीं आहेत. मृगाचा पहिला ढग आला कीं सर्वांसच कामाला लागावयाचें आहे. तत्पूर्वीं वाचकांनीं हे दिवस मुलांच्या पदरांत घालावेत, एवढीच आमची विनंति.