गिनीपिगला लागलं, तर दवाखान्यात कधी न्यायचं?

घरातले लहान जीव : लेखांक 9

गेल्या आठवड्यात सशाच्या दातांविषयी लिहिलं, तेव्हाच पुढची पाळी गिनीपिगची हे ठरलं होतं. अमरावती-अकोल्याकडे हा प्राणी आता बऱ्याच घरांत दिसतो. लेकरू हट्ट धरतं, जोडी घरी येते. मग एखाद्या दिवशी एक पिल्लू हातातून सुटून फरशीवर आपटतं, नाहीतर गच्चीवरून उतरलेलं मांजर पंजा मारून जातं. आजी म्हणते, ‘‘हयद लाव वं, बरं होते.’’ लेकरू रडत असतं. आणि बाप विचारात पडलेला असतो, की पाऊण किलोच्या जिवासाठी ढोरांच्या दवाखान्यात जायचं, तर तिथे आपल्याला हसतील का.

माझं म्हणणं सरळ आहे. जखम केवढी आहे यावरून निर्णय घेऊ नका. जनावर खातंय का, लेंड्या टाकतंय का आणि श्वास कसा घेतंय, यावरून घ्या.

गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा. तो शिकार करणारा नाही, शिकार होणारा प्राणी आहे. कळपात जो लंगडतो तो आधी उचलला जातो, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. कुत्रं पाय दुखावला की केकाटतं, हा नुसता कोपऱ्यात अंग फुगवून बसतो. एरवी फ्रिज उघडल्याचा आवाज आला की कोथिंबिरीच्या आशेने शिट्या मारणारं जनावर गप्प राहिलं, तर ते दुखण्याचंच लक्षण समजा.

दुसरी गोष्ट त्याच्या पोटाची. त्याचं आतडं दिवसरात्र चालू असतं आणि ते चालू ठेवायला सतत चारा लागतो. दुखण्यामुळे खाणं थांबलं की आतडं मंदावतं, वायू धरतो, पोट दुखतं, त्यामुळे तो आणखी खात नाही. पुढे यकृतात चरबी साठायला लागते. त्याला उलटीही करता येत नाही. कुत्रं एक दिवस उपाशी राहिलं तर निभावतं, इथे मात्र बारा तास काही खाल्लं नाही म्हणजे दवाखाना, मग बाहेरून जखम दिसो न दिसो. रात्री पडलं आणि सकाळपर्यंत तोंड लावलं नाही, तर ‘संध्याकाळपर्यंत पाहू’ म्हणण्याइतका वेळ उरलेला नसतो.

तपासायचं कसं? जमिनीवर टॉवेल अंथरा आणि तिथेच खाली बसा. टेबलावर किंवा पलंगावर नको, तिथून तो पुन्हा पडेल. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली हवा. आधी नुसतं पाहा. शांत बसलेला असताना मिनिटाला साधारण 40 ते 100 श्वास असतात. तो नाकाने श्वास घेणारा प्राणी आहे, त्यामुळे तोंड उघडून धापा टाकत असेल तर पुढची तपासणी सोडा आणि निघा. मग त्याला चालू द्या. मागचे पाय फरफटतात का, मान एका बाजूला कलते का, ते बघा. ओठ हलकेच वर करून हिरड्या पाहा. त्या गुलाबी असाव्यात. पांढऱ्या फटक पडल्या असतील आणि कान गार लागत असतील, तर अंगातलं रक्त कमी पडतंय. केस उलटे फिरवून कातडी बोटांनी चाचपा. शेवटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलीत बसवून वजन घ्या आणि लिहून ठेवा. दर आठवड्याला वजन घ्यायची सवय असेल, तर आजचा आकडा बोलका ठरतो. दहा टक्के घट म्हणजे डॉक्टर.

रक्ताचा हिशेबही समजून घ्यायला हवा. त्याच्या अंगात वजनाच्या सुमारे सात टक्के रक्त असतं. 800 ग्रॅमच्या गिनीपिगमध्ये ते साठ मिलिलिटरही भरत नाही. आपल्या चहाचे दोन चमचे रक्त टॉवेलवर दिसलं, तर आपल्याला ते थोडंसं वाटतं, त्याच्यासाठी ते जवळपास सहावा हिस्सा आहे. नख खोलवर कापलं गेलं असेल, तर कॉर्नफ्लोअर किंवा मैदा दाबून धरला की बहुतेक वेळा रक्त थांबतं. बाकी जखमेवर स्वच्छ कापड पाच-दहा मिनिटं न उचलता दाबा. तरी थांबलं नाही, तर दाबलेलं कापड तसंच ठेवून दवाखाना गाठा.

मांजर चावलं असेल तर त्याच दिवशी जायचं, यात चर्चा नको. सुईच्या टोकाएवढं भोक दिसतं, तेही केसांत लपलेलं, पण मांजराच्या दातांवरचे जंतू आत खोल गेलेले असतात आणि वरची कातडी लवकर मिटते. दोन दिवसांनी गाठ येते, तोवर जंतू रक्तात गेलेले असू शकतात. मागचे पाय फरफटणं, पाय वाकडा लोंबणं, डोळा पांढुरका किंवा मिटलेला दिसणं, यांनाही त्याच दिवशीची वेळ. डोळ्याला बहुधा कडब्याचं किंवा वाळल्या गवताचं कुसळ लागलेलं असतं. घरातले जुने थेंब घालू नका. त्यांत स्टिरॉइड असेल, तर बुबुळावरची जखम चिघळते.

पावसाळ्यात आणखी एक संकट असतं. ओल्या जखमेवर किंवा मळलेल्या मागच्या भागावर माशी अंडी घालते आणि दमट उबेत एका दिवसातच आसडी पडते. बैलाच्या जखमेत आसडी पडली की टर्पेंटाइन ओततात, हे वऱ्हाडात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. गिनीपिगवर ते चुकूनही करू नका. त्याची कातडी नाजूक, अंग लहान, आणि अंगावर पडलेलं सगळं तो चाटतो. दिसतील त्या अळ्या चिमट्याने काढा आणि लगेच निघा.

मग घरी थांबायचं कधी? ओरखडा वरवरचा आहे, रक्त थांबलंय, तो खातोय, लेंड्या नेहमीसारख्या आहेत, चालतोय, तर थांबा. कोमट सलाइनने जखम धुवा. पोव्हिडोन आयोडीन पाण्यात कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावलं तरी पुरे. डेटॉल नको, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. आजींची क्षमा मागून सांगतो, हळदीचा लेपही नको, कारण तो केसांत चिकटून वाळतो आणि खाली पू धरला तरी दिसत नाही. पिंजऱ्यात स्वच्छ पांढरं कापड अंथरा, म्हणजे रक्त, पू, लेंड्या सगळं दिसेल. सकाळ-संध्याकाळ पाहा. सूज किंवा वास आला, तर थांबणं संपलं.

काही वेळा लागलेलं नसतंच. लंगडतो, उचललं की किंचाळतो, सांधे सुजलेत, आणि पडल्याचं मात्र कुणाला आठवत नाही. तेव्हा क जीवनसत्त्वाची आठवण ठेवा. माणसासारखाच गिनीपिगही ते शरीरात तयार करू शकत नाही. 1907 मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रॉलिख यांनी नुसतं धान्य खाऊ घातलेल्या गिनीपिगांत स्कर्व्ही पाहिला, आणि त्या रोगाच्या अभ्यासाला दिशा मिळाली. नुसत्या सुक्या खाद्यावर ठेवलेल्या जनावराला दोन-तीन आठवड्यांत लक्षणं दिसू लागतात. डब्यातल्या खाद्यातलं जीवनसत्त्व साठवणीत कमी होतं, आणि अकोल्याच्या मे महिन्यात ते आणखी लवकर. रोज ढोबळी मिरचीची चकती, पेरूची लहान फोड, थोडी कोथिंबीर द्या. सुजलेले सांधे मात्र डॉक्टरांनाच दाखवा.

आता सगळ्यांत धोक्याची गोष्ट, आणि ती मेडिकलच्या काउंटरवर मिळते. घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन पाण्यात कालवून पाजू नका. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं, तसंच क्लिंडामायसिन आणि एरिथ्रोमायसिन तोंडावाटे गेली, की त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम जातीचे माजतात, हगवण लागते आणि काही दिवसांत जनावर दगावतं. पेनिसिलिन गिनीपिगला घातक आहे, हे 1943 मध्येच नोंदलं गेलं. ऑक्सफर्डमध्ये 1940 च्या मे महिन्यात फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते औषध उंदरांवर तपासलं होतं. गिनीपिगवर तपासलं असतं, तर कदाचित बाजूलाच पडलं असतं.

आपल्याकडचे पशुवैद्यक गाई, म्हशी, शेळ्या, कुत्री रोज पाहतात, गिनीपिग क्वचित. त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून आधी फोन करा. प्राणी कोणता, वजन किती, कधीपासून खाल्लं नाही, हे सांगा, आणि ‘याला तोंडावाटे पेनिसिलिन चालत नाही, असं वाचलंय’ हेही आदराने सांगा. चांगला डॉक्टर रागावत नाही. अकोल्यात मूर्तिजापूर रस्त्यावर स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. ती नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. हाड मोडलं असेल, शस्त्रक्रिया लागणार असेल, तर अमरावतीहून तिथवरचा प्रवास करण्यासारखा आहे. आधी गावातल्या डॉक्टरांकडून दुखण्याचं इंजेक्शन घेऊन निघा.

प्रवास उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री करा. पारा पंचेचाळीसकडे जातो तेव्हा दुपारी बंद गाडीत जखमी गिनीपिग जखमेने नाही, उन्हाने मरेल. तिशीच्या वरचं तापमान त्याला धडधाकट असतानाही सोसत नाही. खोक्याला भोकं पाडा, तळाशी टॉवेल घाला, वाळलं गवत आणि काकडीचे काप ठेवा. जोडीदार शांत असेल तर तोही सोबत जाऊ द्या, भीती कमी होते. मोडलेल्या पायाला घरी खपच्या बांधू नका.

परत आल्यावर काम संपत नाही. तो स्वतःहून खात नसेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असेल, तर त्याचंच खाद्य पाण्यात मऊ भिजवून बिनसुईच्या सिरिंजने तोंडाच्या कडेने द्या. एका वेळी अर्धा-एक मिलिलिटर, त्याने चावून गिळल्यावर पुढचं. आडवा धरून पाजलं तर ते फुप्फुसात जातं, म्हणून बसता ठेवा. दर दोन-तीन तासांनी द्यायचं, रात्रीसुद्धा, आणि घरातल्या मोठ्या माणसांनी पाळ्या लावून. रोज एकाच वेळी वजन घ्या. ते सलग दोन दिवस घसरलं, तर जखम कोरडी दिसत असली तरी पुन्हा दवाखान्यात न्या.