संस्थेचे सामर्थ्य कशात असते ?

संस्था काढणे आपल्याकडे मुळीच अवघड नाही. चारजण जमतात, वर्गणी गोळा होते, अध्यक्ष ठरतो आणि दारावर पाटी लागते. अवघड असते ते पुढचे. कर्ते गृहस्थ थकले की पाटीवर धूळ बसू लागते. म्हणून संस्थेचे बळ पैशात असते, इमारतीत असते की पुढाऱ्यात, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. आमच्या मते ते सभासदांच्या अंगवळणी पडलेल्या कामात असते. ह्याचा दाखला नगर तालुक्यातील हिवरे बाजार ह्या गावात सापडतो.

हे गाव पर्जन्यछायेतले. वर्षाचा पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळानंतर गावाची घडी विसकटली. डोंगर उघडे पडले, माणसे मजुरीसाठी बाहेर गेली, दारू बोकाळली. १९८९ साली गावाने श्री. पोपटराव पवार ह्या एम. कॉम. झालेल्या तरुणास सरपंच केले. पुढे गाव राज्य शासनाच्या आदर्श गाव योजनेत आले. डोंगरउतारावर समतल चर निघाले, नाल्यांवर बांध पडले.

पण बांध पैशाने बांधता येतो. तो राखता येत नाही. चरांवर उगवलेले गवत शेळ्यांनी खाल्ले, तर माती पुन्हा वाहून जाणार. म्हणून चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही बंधने गावाने स्वतःवर घालून घेतली. चराई बंद झाली तरी गवत कापून नेण्यास मुभा राहिली. ज्याच्या पोटावर नियम येतो त्याची वाट मोकळी ठेवली, म्हणूनच नियम टिकतो.

ह्याहून महत्त्वाचा आहे पाण्याचा ताळेबंद. गावात पाऊस मोजतात, विहिरींची पातळी पाहतात आणि पावसाळ्यानंतर ग्रामसभेत हिशेब मांडतात. आधी माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी वेगळे काढायचे. उरेल त्यावर रब्बीची पिके ठरवायची. ऊस व केळी ह्यांना मज्जाव, शेतीसाठी कूपनलिका खोदण्यासही मज्जाव ; कारण एकाच्या खोल नळीने शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते. पाऊस कमी झाला, तर हात आखडावा लागतो. हे कोणास गोड वाटत नाही. तथापि आकडा सर्वांसमोर असला म्हणजे तंटा माणसाशी राहत नाही. शिवाय ज्याला हिशेब समजतो, तो सरपंचालाही प्रश्न विचारू शकतो.

‘पवार आहेत म्हणून हे चालले’, असे पुष्कळजण म्हणतात. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती योग्यच. परंतु ह्या म्हणण्यात एक धोका लपलेला आहे : तसा माणूस आपल्याकडे नाही, असे म्हणून आपण स्वस्थ बसायला मोकळे होतो. पुढाऱ्याची खरी कसोटी ही, की त्याने आपले किती काम इतरांना शिकवले. १९९३ साली अंमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेस घटनेत स्थान दिले. कायदा अधिकार देतो. सवय मात्र ज्याची त्यानेच लावून घ्यावी लागते.

आपले वाचनालय, पतपेढी, गृहनिर्माण संस्था ह्यांनाही हेच लागू आहे. हिशेब किती सभासदांना वाचता येतो ? अप्रिय निर्णय सभेत होतो की चिटणिसांच्या घरी ? आणि चिटणीस उद्या परगावी गेले, तर परवा कुलूप कोण उघडील ? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या संस्थेपाशी आहेत, तिला देणगीची चिंता कमी करावी लागेल.